हुकूमशहा पाहिजे, स्थानिकांना प्राधान्य

बदलापूरहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये देशाचा सगळा कारभार अंबरनाथ येईपर्यंत निकालात निघालेला असतो. काश्मीर, कांदा, क्रिकेट, आरक्षण, एवढं सगळं उरकायला या दोन स्टेशनांमधलं अंतर पुरतं. "या देशाला ना, एक हुकूमशहाच पाहिजे," हे वाक्य साधारण गाडीने वेग घेतला की येतं आणि ते बोलणारा बहुतेक वेळा खिडकीला बसलेला असतो. चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने टेकलेला माणूस हे वाक्य कधी उच्चारत नाही. हुकूमशाही म्हणजे काय, हे त्याला मणक्यापर्यंत कळलेलं असतं.

कारण डब्यात ती आहेच. डब्यात ग्रुप असतो, ग्रुपला म्होरक्या असतो आणि त्याची निवड कधी झाली हे खुद्द त्यालाही आठवत नाही. कोणी कुठे बसायचं, कोणत्या स्टेशनला उठून दुसऱ्याला जागा द्यायची, सीटसाठी अंबरनाथहून उलटे बदलापूरला येणाऱ्या हुशार मंडळींकडे कोणत्या नजरेने बघायचं आणि उल्हासनगरला दारात किती जणांचा पाय टेकू द्यायचा, हे सगळं तोच ठरवतो. त्यावर अपील नाही. भजन मात्र उत्तम होतं.

आमचा आक्षेप एवढाच, की खिडकीवाल्या काकांची मागणी शिळी झाली. काका, तुमचा अर्ज 2020 सालीच मंजूर झाला होता. हुकूमशहा आला, पाच वर्षांहून जास्त राहिला, आणि तुम्हाला त्याचं नावही माहीत नाही.

हकीगत अशी. अंबरनाथ नगरपालिका आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिका, दोन्हीकडे एप्रिल 2015 मध्ये निवडणूक झाली. पाच वर्षं भरली मे 2020 मध्ये. नव्या निवडणुकीची तयारी झालेली होती, इच्छुकांनी हळदीकुंकू, क्रिकेटचे सामने आणि शिर्डीच्या बसगाड्या यांवर यथाशक्ती खर्च केलेला होता. तेवढ्यात मार्चमध्ये कोरोना आला आणि निवडणूक पुढे गेली. सभागृहाची मुदत संपली, खुर्चीवर प्रशासक बसला. यात कोणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. कारण खरं होतं. मुदतवाढीच्या शास्त्रात पहिलं कारण नेहमी खरंच असतं.

खरी करामत दुसऱ्या कारणापासून सुरू होते. कोरोना ओसरला तोवर मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा ओबीसी आरक्षणाचा निकाल आला होता. तिहेरी चाचणी पार पाडा, मग आरक्षण द्या, असं न्यायालयाने सांगितलं. प्रश्न खरा होता, महत्त्वाचाही होता. त्यावर अध्यादेश झाला, आयोग झाला, मग दुसरा आयोग झाला. मधल्या काळात प्रभाग पाडून झाले. जून 2022 मध्ये सरकार पडलं. नव्या सरकारने जुन्या सरकारचे प्रभाग आणि वाढवलेली सदस्यसंख्या पुसून टाकली. ते प्रकरण न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट 2022 मध्ये 'जैसे थे'चा आदेश झाला. महाराष्ट्रात 'जैसे थे' इतक्या मनापासून पाळलेला दुसरा आदेश आमच्या माहितीत नाही.

एप्रिल 2022 मध्ये उल्हासनगर महापालिकेचीही मुदत संपली आणि तिथेही प्रशासक आला. म्हणजे आता तिन्ही शहरं एका रांगेत आली. 2011 च्या जनगणनेच्या हिशेबानेच या तीन शहरांत नऊ लाखांवर माणसं राहतात. आज किती राहतात ते सांगता येत नाही, कारण 2021 ची जनगणनाही पुढे ढकललेली होती. माणसं मोजली नाहीत आणि मतंही मोजली नाहीत, एवढी सुसंगती आपल्या प्रशासनात एरवी दिसत नाही.

मधल्या काळात, म्हणजे 2024 साली, याच शहरांत लोकसभेची निवडणूक झाली आणि सहा महिन्यांत विधानसभेचीही झाली. त्याच शाळांतली तीच केंद्रं, तेच शिक्षक, बोटावर तीच शाई. दिल्लीला कोण जाणार हे विचारायला यंत्रणा हजर होती. गटार कोण काढणार हे विचारायचं म्हटलं, की तीच यंत्रणा पुढची तारीख बघायची.

महाविकास आघाडी सत्तेत असताना समोरचे म्हणायचे, लोकशाहीचा गळा घोटला. महायुती आल्यावर आघाडीवाले तेच म्हणू लागले. गळा तोच राहिला, हात तेवढे बदलले. आणि सगळेच हात बदलले असंही नाही. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना नगरविकास खातं ठाण्याच्या एकनाथ शिंद्यांकडे होतं. शिंदे मुख्यमंत्री झाले, तेव्हा ते त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले आणि शिंदे उपमुख्यमंत्री झाले, तेव्हाही ते त्यांच्याकडेच राहिलं. तीन मुख्यमंत्री झाले आणि राज्यातल्या शहरांची किल्ली एकाच कनवटीला राहिली. प्रशासक बिचारा पालिकेत बसत असला, तरी त्याचा फोन कुठून वाजतो हे पालिकेच्या शिपायालाही माहीत असायचं.

आता जरा रोमला जाऊन येऊ. रोमन लोकांना हुकूमशाही जमली नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांच्या प्रजासत्ताकात संकट आलं की ते रीतसर हुकूमशहा नेमत. त्याला अट एकच असे, मुदत सहा महिन्यांची. इसवीसनपूर्व 458 मध्ये सिनसिनाटस नावाच्या गृहस्थाला नांगर सोडायला लावून या पदावर बसवलं, अशी कथा आहे. त्याने शत्रूचा बंदोबस्त केला आणि सोळाव्या दिवशी राजीनामा देऊन पुन्हा शेत गाठलं. सोळा दिवसांत आमच्याकडे खड्ड्याची पाहणीसुद्धा होत नाही. पुढे सुल्ला आला, त्याने सहा महिन्यांची अट उडवली. त्यानंतर सीझर आला आणि इसवीसनपूर्व 44 मध्ये त्याने आपल्या पदाला 'कायमचा' असं विशेषण जोडून घेतलं. महिना-दोन महिन्यांत सिनेटच्या बैठकीतच त्याला भोसकलं.

सीझरला सल्लागार चांगले मिळाले नाहीत. मंत्रालयातला एखादा मुरलेला कक्ष अधिकारी शेजारी असता, तर त्याने चष्मा वर करून सांगितलं असतं, "साहेब, 'कायमचा' असं लिहू नका. लोक नोंद घेतात. 'पुढील आदेश होईपर्यंत' असं लिहा." सीझर म्हातारा होऊन, पेन्शन घेऊन मेला असता.

गंमत म्हणजे आपल्याही राज्यघटनेत सहा महिनेच लिहिलेत. 1 जून 1993 ला 74वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिच्यातल्या 243-यू या कलमानुसार पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही. मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. पालिका मध्येच बरखास्त केली, तर सहा महिन्यांच्या आत. घटनादुरुस्ती करणाऱ्यांचा आणि रोमनांचा एकाच आकड्यावर विश्वास होता. अंबरनाथला मे 2020 पासून डिसेंबर 2025 पर्यंत साडेपाच वर्षं प्रशासक होता. साडेपाच वर्षांत सहा महिने किती वेळा बसतात, हे चौथीतलं पोरगं सांगेल.

आणीबाणी 21 महिने टिकली. उल्हासनगर त्याच्या दुपटीपलीकडे गेलं, अंबरनाथ-बदलापूर तिपटीपलीकडे. 25 जून 2025 ला आणीबाणीला 50 वर्षं झाली, तेव्हा राज्यभर गंभीर चेहऱ्यांनी भाषणं झाली. इंदिराबाईंनी 1976 मध्ये लोकसभेची मुदत कशी वाढवली, हेही सांगून झालं. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या एकूण एक महापालिकेत प्रशासक होता. तुलना अंगावर येते हे कबूल. इथे कोणाला तुरुंगात टाकलं नाही, वर्तमानपत्रांना काळं फासलं नाही. तशी गरजच पडली नाही, हे मात्र जास्त काळजीचं आहे.

प्रशासक म्हणजे नेमकं काय, हे पाहायचं असेल तर महापालिकेचं काम कसं चालतं ते आठवा. आयुक्त अंदाजपत्रक बनवतात, स्थायी समितीपुढे मांडतात. समिती त्यात फेरफार करते, महासभेकडे पाठवते, महासभेत आरडाओरडा होतो, राजदंड पळवला जातो, मग मंजुरी मिळते. प्रशासक आल्यावर आयुक्त तोच, समितीही तोच आणि महासभाही तोच. आमच्या डोळ्यांसमोर त्या बैठकीचं इतिवृत्त असं येतं: मा. आयुक्तांनी विषय मांडला. मा. आयुक्तांनी अनुमोदन दिलं. साधकबाधक चर्चेअंती विषय एकमताने मंजूर. विरोधी पक्षनेते अनुपस्थित होते, कारण मा. आयुक्तांना त्या वेळी मंत्रालयात दुसरी बैठक होती.

असा हुकूमशहा जगाच्या इतिहासात सापडणार नाही. त्याला लष्कर नाही, मिशी नाही, त्याचा पुतळा नाही, आणि त्याची बदली होते. एक जातो, दुसरा येतो, हार-तुरे होतात, आणि लोकांना कळतं ते फाईलवरची सही वेगळी दिसली की.

मग लोक चिडले का नाहीत? चिडायला आधीचं आवडलेलं असावं लागतं. नगरसेवक गेले म्हणून ढसाढसा रडलेला माणूस आम्हाला तिन्ही शहरांत भेटला नाही. पाच वर्षं टक्केवारीच्या गोष्टी ऐकलेल्या, दर वाढदिवसाला चौक झाकणारे फ्लेक्स पाहिलेले, आणि कालचा शिवसेनेचा आज भाजपचा, परवा पुन्हा तिकडे, ही कवायत पाठ झालेली. 1932 साली जर्मनीची संसद वर्षभरात 13 दिवस बसली, बाकी देश वटहुकुमांवर चालला. संसदेची आठवण फारशी कोणाला आली नव्हती. पुढच्या जानेवारीत हिटलर चॅन्सेलर झाला, तो रिकाम्या होत आलेल्या घरात शिरला. आमच्याकडे सुदैवाने शिरायला कोणी हिटलर नव्हता, फक्त घर रिकामं होतं.

उल्हासनगरला तर खंबीर नेतृत्वाचा अनुभव जुना आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत उतरले, 1949 मध्ये तिचं उल्हासनगर झालं, आणि घरदार गमावलेल्या माणसांनी शून्यातून बाजार उभा केला. एवढ्या कष्टाळू शहराने पुढे पप्पू कलानींना टाडाखाली तुरुंगात असतानाही आमदार केलं. त्यामुळे 'डंडा पाहिजे' ही मागणी इथे कोणी पुस्तक वाचून केलेली नाही. डंडा मतपेटीतूनही निघतो, हे या शहराने आधीच सिद्ध केलेलं होतं.

नगरसेवक नसण्याचा एक परिणाम मात्र कोणी गृहीत धरला नव्हता. आजी कोणीच उरले नाहीत, त्यामुळे माजी आणि भावी यांची संख्या बेसुमार वाढली. माजींनी जुनी लेटरहेड संपेपर्यंत वापरली, संपल्यावर 'माजी' हा शब्द बारीक टायपात घालून नवी छापली. भावींनी स्टेशनबाहेर हात जोडून जे फ्लेक्स लावले, त्यांवरचे काही चेहरे फ्लेक्सवरच पिकले. गटार तुंबलं की माणूस आधी माजीकडे जायचा. माजी म्हणायचा, "माझ्या हातात काही नाही, प्रशासक आहे." मग भावीकडे जायचा. भावी फोटो काढून घ्यायचा. शेवटी ऑनलाइन तक्रार करायची. 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा मेसेज यायचा. गटाराला मोबाइल नसल्याने त्याला हे कळायचं नाही.

दार ठोठवायला जागा राहिली नाही, तेव्हा लोक जागा शोधतात. आमच्या भागात ती जागा म्हणजे रेल्वेचा रूळ. ऑगस्ट 2022 मध्ये साध्या लोकल काढून एसी लोकल घातल्या म्हणून कळव्यात आणि बदलापुरात प्रवासी रस्त्यावर, खरं तर फलाटावर आणि रुळांवर आले. मध्य रेल्वेने एसीच्या 10 फेऱ्या मागे घेतल्या. नगरसेवक नाही, सभा नाही, ठराव नाही, आणि चार-आठ दिवसांत निर्णय! लोकांनी यातून जो धडा घ्यायचा तो घेतला.

यानंतरचं लिहिताना थट्टा सुचत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरातल्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. पालकांची पहिली मागणी अगदी साधी होती, तक्रार लिहून घ्या. त्यासाठी त्यांना पोलीस ठाण्यात तासन् तास बसवून ठेवलं गेलं. 20 ऑगस्टला हजारो माणसं रुळांवर उतरली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाड्या बंद राहिल्या. पुढे इंटरनेट बंद झालं, लाठ्या चालल्या, आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले. तोवर मागणी बदललेली होती. आता घोषणा होती, फाशी द्या, आजच द्या, इथेच द्या.

'तक्रार लिहून घ्या' पासून 'इथेच फाशी द्या' पर्यंत माणसं एका आठवड्यात पोचली, ती काही रक्तपिपासू होती म्हणून नाही. मधल्या प्रत्येक दारावर कुलूप होतं म्हणून. नगरसेवक असता तर सगळं टळलं असतं, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. पण नियमाने जाणाऱ्याला ताटकळत ठेवायचं आणि रूळ अडवणाऱ्यापुढे मंत्र्याला धाडायचं, हे शिक्षण एका शहराला इतकं पद्धतशीर देण्यात आलं, एवढं तर खरं.

23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत, मुंब्र्याजवळ, पोलिसांच्याच गोळीने मेला. पेढे वाटले गेले. मुंबईत रातोरात फलक लागले: तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस, हातात बंदूक, आणि खाली 'बदला पुरा'. शहराच्या नावावर कोटी करायला कोणाला तरी त्या दिवशी वेळ मिळाला होता. उच्च न्यायालयाने पोलिसांच्या कथनावर प्रश्न विचारले, दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने जानेवारी 2025 मध्ये पाच पोलिसांना जबाबदार धरलं. त्याच्यावरचा खटला मात्र आता होणार नव्हता. साक्ष, उलटतपासणी, आणखी कोणाकोणाला माहीत होतं, कोणी दडपलं, हे सगळं भर कोर्टात विचारलं जाण्याची मोठी संधी त्या गाडीतच संपली. खिडकीवाले काका त्या आठवड्यात अतिशय समाधानी होते.

असो. निवडणुका शेवटी झाल्या. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत घ्या म्हणून सांगितलं. चार महिन्यांत झाल्या नाहीत, मग 31 जानेवारी 2026 ची मर्यादा घालून दिली, तेव्हा यंत्रणेला धावता येतं हे सिद्ध झालं. बदलापूरने 2 डिसेंबरला मतदान केलं, काही प्रभागांचं आणि अख्ख्या अंबरनाथचं 20 तारखेवर गेलं. उल्हासनगरने 15 जानेवारीला मतदान केलं. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत डझनाहून जास्त जागा मतदानाआधीच बिनविरोध निघाल्या, म्हणजे तिथल्या मतदारांना वर्षानुवर्षं वाट बघायला लावून शेवटी उन्हात जाण्याचा त्रासही वाचवला.

अंबरनाथमध्ये नगराध्यक्षपद भाजपला मिळालं, नगरसेवक सर्वांत जास्त शिंद्यांच्या शिवसेनेचे आले. मग मित्राला बाहेर ठेवण्यासाठी भाजपने काँग्रेसच्या नगरसेवकांना सोबत घेतलं. काँग्रेसमुक्त भारताची सुरुवात दिल्लीतून होते आणि शेवट अंबरनाथमध्ये असा होतो. काँग्रेसने आपले 12 नगरसेवक निलंबित केले, ते सरळ भाजपमध्ये गेले. साडेपाच वर्षं वाट पाहून ज्या मतदाराने पंजाचं बटण दाबलं होतं, त्याला महिनाभरात कमळ मिळालं. इतकी जलद सेवा पालिकेने याआधी कधी दिलेली नव्हती.

बदलापुरात त्याच जानेवारीत त्याहून वरताण झालं. शाळेच्या त्या प्रकरणात सहआरोपी असलेल्या, संस्थेच्या पदाधिकाऱ्याला भाजपने स्वीकृत नगरसेवक केलं. म्हणजे मतदाराने न निवडलेला, पण निवडलेल्यांनी ओढून आत घेतलेला. सगळीकडून ओरड झाली आणि दुसऱ्याच दिवशी राजीनामा आला. खिडकीवाल्या काकांना हा लोकशाहीचा तमाशा वाटला आणि तो होताच. पण प्रशासकाच्या काळात असं काही झालं असतं, तर ओरडायचं कोणाच्या नावाने, हे शोधण्यातच आठवडा गेला असता. नगरसेवक कितीही वाईट असो, त्याचं घर कुठल्या गल्लीत आहे ते आपल्याला माहीत असतं, आणि त्यालाही माहीत असतं की आपल्याला माहीत आहे.

आता हे सगळे नगरसेवक पाच वर्षांनी, म्हणजे 2030 संपता संपता किंवा 2031 च्या सुरुवातीला मुदत पुरी करतील. त्याआधी 2027 ची जनगणना होईल. तिचे आकडे येतील, आकड्यांप्रमाणे सदस्यसंख्या बदलेल, प्रभाग नव्याने पाडावे लागतील, आरक्षण नव्याने काढावं लागेल, त्यावर कोणीतरी न्यायालयात जाईल. पहिलं कारण अगदी खरं असेल. तेव्हा अंबरनाथ पालिकेने 'प्रशासक' ही पितळी पाटी भंगारात काढायला टेंडर काढलं असेल, तर ते कृपया रद्द करावं. पुसून, कागदात गुंडाळून स्टोअरला ठेवावी.